निळ्या कडीचा हेवा

मित्रांनो, तुमच्या शाळेच्या प्रयोगशाळेत काचेच्या कपाटात एखादा सूक्ष्मदर्शक उभा असेल. तो बहुधा नवा असेल, दोन डोळ्यांचा, पोटात विजेचा दिवा असलेला. मी त्याच्याच जातीचा, पण जुना. मला डोळा एकच. पायाशी एक वाटोळा आरसा आहे, त्याने उजेड वर फेकला की माझं काम सुरू होतं. अंगावरचा काळा रंग कडांना उडून आतलं पितळ दिसू लागलंय. वस्तूंना मन नसतं असं माणसं म्हणतात. मनाचं मला सांगता येणार नाही, पण हेवा मात्र मला भरपूर मिळालाय. जन्मभर मी कुणाचा ना कुणाचा हेवा करत आलो. माझी गोष्ट म्हणजे त्या हेव्याचीच गोष्ट आहे.

माझा जन्म अंबाल्याचा. तिथे एका कारखान्यात एका म्हाताऱ्या कारागिराने माझी चक्री कानसेने घासून घासून इतकी हलकी केली, की ती फिरवताना आवाजसुद्धा होत नाही. मग मी मुंबईला आलो, जनावरांचे डॉक्टर जिथे शिकतात त्या कॉलेजात. तिथे मला कुणी आपलं म्हटलं नाही. मुलं घाईघाईने चक्री फिरवत आणि माझं भिंग काचेवर आपटत. शेवटी मला मोडीत काढून जिन्याखाली ठेवलं. त्या जिन्याखालून मला एका तरुण विद्यार्थ्याने उचललं. त्याचं नाव नंदकिशोर. त्याने जुन्या धोतराचा मऊ तुकडा घेऊन माझं भिंग पुसलं, त्यावर हळूच फुंकर मारली आणि पुन्हा पुसलं. त्या दिवसापासून मी एका माणसाचा झालो. आपण कुणाचे तरी झालो, की दुसऱ्या कुणाचा तरी हेवा सुरू होतोच.

पुढे नंदकिशोर डॉक्टर झाले. नव्वद साली ते बायको अरुणा आणि लहानगी ईश्वरी यांना घेऊन नेरूळला राहायला आले. नवं शहर होतं. रस्ते रुंद आणि इमारती ओल्या सिमेंटच्या वासाच्या. गॅलरीला ग्रिल बसवून डॉक्टरांनी तिथे एक टेबल टाकलं आणि त्यावर मला ठेवलं. खाडीकडून येणारा उजेड थेट माझ्या आरशावर पडायचा.

माझं काम काय, ते सांगतो. जनावर आजारी पडलं की डॉक्टर त्याच्या रक्ताचा थेंब काचपट्टीवर पसरत, त्यावर रंग चढवत आणि काचपट्टी माझ्याखाली सरकवत. मग भुवई माझ्या कडेला टेकवून एक डोळा मिटून ते बघत राहत. साऱ्या जगात तेव्हा आम्ही दोघंच असू. जवळच्या सारसोळे गावात एका पावसाळ्यात म्हशी गळा सुजून एका दिवसात मरू लागल्या, तेव्हा त्या रक्तात दोन्ही टोकांना निळे झालेले इवलेसे जंतू दिसले, बंद केलेल्या सेफ्टी पिनांसारखे. "घटसर्प!" डॉक्टर म्हणाले आणि मला तसंच उघडं टाकून धावले. उरलेल्या सगळ्या म्हशींना सुया टोचल्या गेल्या आणि त्या वाचल्या. गावातली माणसं दुसऱ्या दिवशी मासळी घेऊन आली. त्यातला एक म्हातारा गॅलरीत डोकावून मला म्हणाला, "ह्यो काय तो काना? एकाच डोल्यान् सगला बघतो!" एवढी शाबासकी मला पुढे वर्षभर पुरली.

पण घरातलं कुणी माझ्यावर खूश नव्हतं. अरुणाबाई शाळेत शिकवायच्या. घरी आल्या की गॅलरीच्या दारात उभ्या राहून शेजारणीला सांगत, "सवत आणलीये यांनी. पितळेची, आणि वर एका डोळ्याची. जेवायला हाक मारा, उत्तर नाही. सवतीपुढून उठायला नको ना!"

डॉक्टर डोळा न हलवता म्हणत, "अगं, दोन मिनिटं."

"तुमच्या दोन मिनिटांत माझा कुकर तीनदा थंड होतो."

ईश्वरीचं दुखणं वेगळं होतं. स्कूटरवर पुढे, हँडलमागे उभं राहायची जागा तिची होती. वारा तोंडावर घेत ती पामबीच रस्त्याने बाबांबरोबर जायची. मग माझ्यासाठी लाकडी पेटी आली आणि ती नेमकी त्या जागेत बसली.

"त्याला मागे बांधा ना, बाबा."

"तो पडला तर फुटेल गं."

"आणि मी पडले तर?"

डॉक्टर हसले. "तू पडलीस तर भोकाड पसरशील, मला लगेच कळेल. हा पडला तर गप्प बसेल आणि उद्या खोटं दाखवेल."

ईश्वरी मागे जाऊन बसली. चढता-उतरता ती पायाने माझ्या पेटीला हळूच ढोसायची. तिला वाटायचं, बाबा माझ्याकडे बघतात तेवढे तिच्याकडे बघत नाहीत. आणि मला काय वाटायचं? डॉक्टर माझ्याकडे बघत, पण हसत मात्र तिच्याकडे बघून. माझ्यासमोर ते कधी हसले नाहीत. तिने "बाबा" म्हटलं की माझ्या कडेवरची भुवई उचलली जायची आणि माझ्या नळीत नुसता उजेड उरायचा. अशा प्रकारे आम्ही दोघं एकाच माणसावरून एकमेकांचा हेवा करत एकाच घरात वाढलो.

पंचाण्णव सालच्या पावसाळ्यानंतरची गोष्ट. तुर्भ्याला कारखान्यांच्या भिंतीमागे ज्ञानूचा गोठा होता. ज्ञानू साताऱ्याकडचा. आधी मार्केटात हमाली करायचा, मग एकेक करत म्हशी जमवल्या. गोठा खरा चालवायची त्याची बायको शालन. गोठ्यापुढे एक मोठा वड होता आणि भर दुपारी सगळ्या म्हशी त्याच्या सावलीत रवंथ करत बसायच्या.

डॉक्टर स्कूटर उभी करतात न करतात तोच शालन समोर आली. "डाक्टर, म्हस गाभडली वो परत. आठवा म्हैना होता. औंदाची ही तिसरी."

ज्ञानूने मेलेलं रेडकू उघड्या हातांनी ओढून काढलं होतं. जार, म्हणजे गर्भाभोवतीची वार, मात्र आतच अडकला होता. डॉक्टरांनी पिशवीतून लांब रबरी मोजा काढला. त्याची बोटं फाटलेली होती. त्यांनी क्षणभर मोज्याकडे पाहिलं, तो बाजूला टाकला आणि खांद्यापर्यंत साबण लावून हात आत घातला. बराच वेळ खटपट करून जार काढला. मग हात धुऊन त्यांनी त्याचाच थोडा अंश काचपट्टीवर पसरला आणि पेटीतून मला बाहेर काढून गोठ्याच्या कठड्यावर ठेवलं.

मी माझ्या परीने सगळं दाखवलं. लाल रंगाचे अगदी बारीक कण, कुठे विखुरलेले, कुठे पुंजक्याने. डॉक्टरांनी चक्री पुढे फिरवली, मागे फिरवली. घरी येऊन पुन्हा पाहिलं.

"ब्रुसेला असावा," ते अरुणाबाईंना म्हणाले. "गाभण जनावर गाभडायला लावणारा जंतू. दिसतंय तसं. पण शपथेवर सांगावं इतकं स्पष्ट दिसत नाही."

मित्रांनो, इतक्या वर्षांत त्यांनी माझ्याबद्दल असं पहिल्यांदाच म्हटलं होतं. मला ते फार लागलं.

त्यानंतर घरात दोन बाटल्या आल्या. सरकारी प्रयोगशाळेतून बर्फात घालून आणलेल्या, अंगठ्याएवढ्या. एकीत निळं पाणी, दुसरीत गुलाबी. डॉक्टरांनी त्या फ्रीजच्या दारात कोथिंबिरीच्या जुडीशेजारी ठेवल्या.

"यात काय आहे?" अरुणाबाईंनी विचारलं.

"तेच जंतू. मारलेले आणि रंगवलेले."

"मेलेले असले तरी पाहुणे बाहेर बसवा. माझ्या फ्रीजमध्ये नकोत."

पण पाहुणे फ्रीजमध्येच राहिले. दुसऱ्या दिवशी डॉक्टरांनी ज्ञानूच्या प्रत्येक म्हशीचं दूध एकेका बारीक काचनळीत घेतलं आणि त्यात निळ्या पाण्याचा थेंब टाकला. नळ्या स्वयंपाकघराच्या खिडकीत ओळीने उभ्या केल्या, खाली कोमट पाण्याचं भांडं ठेवलं. "आता बघा," ते म्हणाले. "म्हशीला रोग नसेल तर दूध सगळं फिकट निळं राहील. असेल तर निळा रंग सायीबरोबर वर चढेल आणि तोंडाशी कडी धरेल."

गॅलरीतल्या माझ्या टेबलावरून मला त्या तिघांच्या पाठी दिसत होत्या. तीन डोकी खिडकीशी एकत्र आली होती. कुणाला डोळा मिटावा लागत नव्हता, कुणाला वाट बघत मागे उभं राहावं लागत नव्हतं. माझ्यात एका वेळी एकालाच बघता येतं. त्या दीड दमडीच्या नळीत अख्खं घर बघत होतं.

"बाबा, चढतंय! हिचं चढतंय!" ईश्वरी ओरडली. ती आता बारा वर्षांची होती आणि बाबांच्या खांद्याला खांदा लावून उभी होती.

"कोणती ती?"

"पुतळा. शिंग तुटलेली."

तीन नळ्यांना निळी कडी धरली. डॉक्टरांनी ईश्वरीच्या पाठीवर थाप मारली. मग गॅलरीत येऊन त्यांनी माझ्यावर जुना उशीचा अभ्रा घातला. धूळ बसू नये म्हणून घातला, हे मला कळत होतं. तरी त्या अभ्र्याखाली मी त्या निळ्या कडीवर जळत राहिलो.

डॉक्टरांनी ज्ञानूला त्या तीन म्हशी वेगळ्या बांधायला सांगितल्या. दूध उकळल्याशिवाय कुणी तोंडाला लावायचं नाही, असंही बजावलं. ज्ञानू आणि शालनने ते ऐकलं. तरी डिसेंबरात आणखी एक म्हैस गाभडली. हा जंतू कुठून येतोय, ते डॉक्टरांना समजेना.

त्याच दिवसांत त्यांना ताप येऊ लागला. संध्याकाळी चढायचा, पहाटे घाम येऊन उतरायचा. कंबर धरलेली असायची. नव्या मुंबईत तेव्हा जिकडेतिकडे इमारतींचे खड्डे, खड्ड्यांत पाणी आणि पाण्यावर डास. ताप म्हटला की मलेरिया. कोपऱ्यावरच्या डॉक्टरांनी विचारलं, "बाहेरचं काही खाल्लंत का?" आमचे डॉक्टर म्हणाले, "नाही." मग कोपऱ्यावरच्या डॉक्टरांनी मलेरियाच्या गोळ्या दिल्या.

गोळ्यांनी काही होईना, तेव्हा एक दिवस डॉक्टरांनी स्वतःच्या बोटाला सुई टोचली आणि रक्ताची काचपट्टी माझ्याखाली ठेवली. कितीतरी दिवसांनी अभ्रा निघाला होता. ते दिवसचे दिवस घरी होते, बाहेरच्या नळ्याबिळ्या सगळ्या विसरून माझ्यासमोर बसले होते. मला बरं वाटलं, हे मी लपवत नाही. मी त्यांना त्यांचं सगळं रक्त दाखवलं. लाल पेशी, पांढऱ्या पेशी, एकेक स्वच्छ. मलेरियाचा जंतू कुठेही नव्हता.

"काहीच दिसत नाही," ते म्हणाले. त्यांच्या कपाळाचा घाम माझ्या कडेवर उतरला होता. पुन्हा काचपट्टी, पुन्हा काहीच नाही. असं कितीदा झालं. जनावरांची दुखणी शोधणारा माणूस स्वतःच्या दुखण्यासाठी माणसांचीच दुखणी तपासत होता. आणि शोधायचं होतं ते फ्रीजच्या दारात कोथिंबिरीशेजारी होतं.

जानेवारीत त्यांना जरा उभं राहवलं, तेव्हा ते ज्ञानूच्या गोठ्यावर गेले. अरुणाबाईंनी नको म्हटलं, पण ते ऐकेनात. म्हणून ईश्वरीला बरोबर धाडलं, "बाबांना चक्कर आली तर रिक्षा कर," असं सांगून. दोनच दिवसांपूर्वी आणखी एक म्हैस गाभडली होती. डॉक्टर वडाच्या बुंध्याशी टेकून बसले. माझी पेटी त्यांच्या पायाशी होती. ज्ञानूही घोंगडी पांघरून येऊन बसला.

"काय वो डाक्टर, एवढा घाम कसला?"

"मलेरिया आहे ज्ञानूभाऊ. गोळ्या चालू आहेत."

"माजा बी मलेरियाच हाय की. गोळ्या खाऊन खाऊन तोंड कडू झालं, पर ताप काय हलंना. कंबर तर अशी धरतीया, म्हशीनं लाथ घातल्यागत."

डॉक्टर त्याच्याकडे वळले. "संध्याकाळी चढतो?"

"दिवं लागायच्या वक्ताला. पहाटं घामानं गोधडी भिजती."

शालन शेणाच्या पाट्या भरत होती. ती तिथूनच म्हणाली, "एकाच डासानं चावलंय जणू दोघास्नी!"

सगळे हसले. डॉक्टरही हसले आणि मध्येच थांबले. ते आपल्या उजव्या हाताकडे बघत होते, मग ज्ञानूच्या हातांकडे. तेवढ्यात माझ्या पेटीच्या झाकणावर वरून एक थेंब पडला. तांबूस आणि चिकट. डॉक्टरांनी मान वर केली.

वडाच्या फांदीला गोणपाटाची गाठोडी बांधलेली होती, काही सुकलेली, एक ओलं. ती गाठोडी तिथे पहिल्यापासून होती आणि डॉक्टरांनी ती शंभरदा पाहिली होती. म्हैस व्याली की जार गोणपाटात बांधून चीक येणाऱ्या झाडाला टांगायचा, म्हणजे म्हशीला दूध भरपूर उतरतं, ही रीत त्यांच्या स्वतःच्या गावीही होती. लहानपणापासून पाहिलेली गोष्ट, म्हणून ती त्यांना कधी दिसलीच नाही. गाभडलेल्या म्हशींचे जार झाडावर ठिबकत होते आणि खाली अख्खा कळप बसत होता.

"ईश्वरी, तिथून उठ," ते म्हणाले. "पेटीला हात लावू नकोस."

घरी येऊन त्यांनी माझी पेटी जंतुनाशकाने पुसली. मग स्वतःचं रक्त एका नळीत घेतलं, दुसरीत ज्ञानूचं आणलेलं होतंच. रक्त गोठून वर पिवळसर पाणी सुटेपर्यंत तिघांनी वाट पाहिली. ओट्याच्या कामातून उरलेली एक पांढरी फरशी अरुणाबाईंनी धुऊन टेबलावर ठेवली. डॉक्टरांनी तिच्यावर दोन्ही पाण्यांचा एकेक थेंब टाकला आणि शेजारी गुलाबी बाटलीतला एकेक. काडीने हलवलं. रोग नसेल तर गुलाबी थेंब साधा गुलाबीच राहणार होता.

पुन्हा तीन डोकी एकत्र झुकली आणि मी पुन्हा लांब. पण त्या वेळी मला कळेना, त्या फरशीने जिंकावं की हरावं. ती जिंकली तर दुखण्याला नाव मिळणार होतं. ती हरली तर डॉक्टर पुन्हा माझ्याकडे येणार होते आणि मी त्यांना पुन्हा काहीच दाखवू शकणार नव्हतो.

दोन्ही थेंब नासलेल्या दुधासारखे फुटले.

"म्हणजे म्हशींचा आजार?" अरुणाबाईंनी विचारलं.

"म्हशींचाच."

"आणि इतके दिवस त्या डॉक्टरांनी..."

"त्यांचं काय चुकलं? बाहेरचं खाल्लं का विचारलं, मी नाही म्हटलं. दिवसभर हात कुठे घालून असतो, ते मीच सांगितलं नाही."

अरुणाबाईंना रागवायचं होतं. "तरी मी म्हणत होते, तुमचं घर गोठ्यात आहे," एवढं म्हणून त्या फरशी घेऊन मोरीत गेल्या आणि नळ सोडून बराच वेळ ती घासत राहिल्या.

दोघांचंही औषध मोठ्या दवाखान्यात सुरू झालं. कितीतरी आठवडे रोज सुया, रोज कॅप्सूल. ज्ञानू लवकर सावरला. आमच्या डॉक्टरांची छाती तपासताना मात्र तिथल्या डॉक्टरांनी स्टेथोस्कोप पुन्हा पुन्हा एकाच जागी टेकवला. जंतू रक्ताबरोबर फिरत हृदयाच्या झडपेवर जाऊन बसले होते. औषधाने ते मरणार होते, पण झडप पहिल्यासारखी होणार नव्हती.

अंगात ताप असतानाच एका रविवारी डॉक्टर तुर्भ्याला गेले. मला नेण्याचं काहीच कारण नव्हतं. सवयीने त्यांनी पेटी स्कूटरवर ठेवली. ईश्वरी मागे बसली होती, मांडीवर चुन्याची पिशवी घेऊन.

"शालनबाई, ही गाठोडी उतरवायची."

"आन् दूध आटलं मंजी?" शालन कमरेवर हात देऊन उभी राहिली. "माज्या सासूनं बांधली, तिच्या सासूनं बांधली. तवा न्हाई कुणाला ताप आला."

"तेव्हा आला असेल, नाव माहीत नसेल. अहो, हे कावळे ओढतात. खाली पडलं की खाडीतले कोल्हे उचलून नेतात. रोग तुमच्या गोठ्यापुरता थोडाच राहतोय?"

"पर आटलं तर?"

"आटलं तर माझ्याकडे भांडायला या."

शालनने त्यांच्याकडे नीट पाहिलं. पिवळा पडलेला चेहरा, सैल झालेला शर्ट. "तवर तुमी ऱ्हाशीला का वो?" ती म्हणाली, आणि आपण हे काय बोललो म्हणून तिनेच पदर तोंडाला लावला.

डॉक्टरांनी मनाला लावून घेतलं नाही. ते वडाच्या मुळांशी उकिडवे बसले. "हे बघा. झाडाला द्यायचं ना? मग फांदीला कशाला, मुळाला देऊ. इथे खोल खड्डा करायचा, जार टाकायचा, वर चुना, वर माती आणि वर जड दगड. म्हशींना या कडेला बसू द्यायचं नाही, कुंपण घालायचं. वडाचं वडाला मिळालं, कावळ्याला नाही, म्हशीला नाही."

शालनने मान वर करून फांदीकडे पाहिलं. "मुळाला दिलेलं फांदीला पोचतंच म्हना," ती म्हणाली.

डॉक्टरांनी कुदळ उचलली. दोन घाव घातले आणि तिसऱ्याला ते थांबले. ज्ञानूने कुदळ हातातून काढून घेतली. ईश्वरीने चुना ओतला. हातांना प्लास्टिकच्या पिशव्या बांधून शालनने एकेक गाठोडं स्वतः उतरवलं. आठ महिन्यांपेक्षा लहान असलेल्या वगारींना, म्हणजे म्हशींच्या मादी पिल्लांना, त्याच आठवड्यात लस टोचली गेली. आधीच लागण झालेल्या म्हशी कायमच्या वेगळ्या राहिल्या. पुढच्या वर्षी त्या गोठ्यात एकही म्हैस गाभडली नाही. यातल्या कुठल्याही कामाला माझी गरज पडली नाही.

डॉक्टर त्यानंतर अडीच वर्षं होते. दोन जिने चढताना मध्ये थांबायचे. गोठ्यावर कमी जायचे, ईश्वरीचा अभ्यास घ्यायचे, अरुणाबाईंच्या कुकरला वेळेवर हजर असायचे. माझ्यावरचा अभ्रा क्वचितच निघे. मग एका पावसाळ्यात त्यांचं हृदय थकलं आणि अभ्रा निघायचा थांबला. खाडीच्या दमट हवेत माझ्या भिंगावर बुरशी धरू लागली. आता हेवा कुणाचा करायचा, तेही मला कळेना. ज्यांच्यावरून आम्ही सगळे एकमेकांवर जळत होतो, तेच गेले होते.

नव्याण्णव साली एका दुपारी दारावर शालन आली. हातात स्टीलचा डबा होता. "खरवस हाय. त्या येळी सुई टोचलेली वगार व्याली. पयलं वेत. रेडी झाली, चांगली उभी ऱ्हायली. जार मुळाशी पुरला, चुना घालून." मग डबा पुढे करून म्हणाली, "डाक्टरांच्या नावाचा पयला."

अरुणाबाईंनी डबा घेतला आणि आत गेल्या. शालन गॅलरीच्या दाराशी घोटाळली. "ते एका डोळ्यानं बगायचं त्ये हाय का अजून? मला कंदीच बगू दिलं न्हाई त्यांनी."

"मलासुद्धा नाही फारसं," ईश्वरी म्हणाली.

तिने अभ्रा काढला. मऊ फडकं आणलं, भिंगावर फुंकर मारली, पुसलं, पुन्हा फुंकर मारली. बुरशी निघायला वेळ लागला. तिने घाई केली नाही. मग आतून डबा आणून खरवसाच्या कडेला सुटलेल्या दुधाचा एक थेंब काचपट्टीवर घेतला आणि आरसा खाडीच्या उजेडाकडे वळवला.

शालनने डोळा टेकवला. "आगं बया! मला माज्याच पापन्या दिसत्यात."

ईश्वरी हसली. किती महिन्यांनी त्या घरात कुणी हसत होतं. "जरा मागे या काकू. आता?" तिने माझी चक्री केसभर फिरवली.

"गोल गोल थेंब हायती. लई."

"ती साय. बाकी काही दिसतं?"

"न्हाई."

"मग छान आहे," ईश्वरी म्हणाली.

मित्रांनो, मी अजून त्याच गॅलरीत आहे. मला कोरडं ठेवा, माझं भिंग मऊ कापडाने पुसा, हे मी सांगणारच. दूध उकळून प्या, गाभडलेल्या जनावराला उघडा हात लावू नका, जार खोल पुरा, हेही सांगतो. पण एक गोष्ट याहून जास्त मोलाची आहे. तुमच्या घरात कुणी दिवसभर दुसऱ्यांची दुखणी शोधत फिरत असेल, तर तो माणूस घरी आल्यावर त्याच्या कपाळाला हात लावून बघा, आणि आज कुठे कुठे होतास, असं विचारा. मी जवळजवळ वीस वर्षं त्या कपाळाला टेकून होतो आणि मला ताप कळला नाही. हात असता तर कळला असता. तुमच्याकडे तो आहे. त्याचा मात्र मला अजूनही हेवा वाटतो.